सतरा नंबरची प्लेट

सातव्या दिवशी सकाळी, नऊला पाच मिनिटं कमी असताना, सतरा नंबरच्या प्लेटवर मला ठिपके दिसले आणि मी जीभ दातांखाली धरली. बारा वाजेपर्यंत माझं मौन असतं. हवाबंद पेटीच्या काचेला जे दोन लांब रबरी हातमोजे बसवलेले असतात त्यांत कोपरापर्यंत हात घालून मी बसले होते; प्लेट माझ्या हातात होती आणि नव्हतीही, कारण तिच्या बाजूला हवा नव्हती आणि माझ्या बाजूला होती. मी प्लेट तिरकी केली, दिव्याखाली धरली, सरळ केली. पाण्याचे थेंब असतील म्हटलं. पण थेंब सरकतात, हे जागचे हलेनात. टाचणीच्या डोक्याहून बारीक, पांढुरके, एकमेकांपासून अंतर राखून बसलेले, दवाखान्याच्या बाकावर अनोळखी माणसं बसतात तसे. मोजले, अकरा भरले. पुन्हा मोजले तर बारा. छातीत असं धडधडायला लागलं की काचेपलीकडचे ते माझेच हात मला कुण्या दुसऱ्याच, फार आनंद झालेल्या बाईचे वाटले.

या जातीचे जंतू सहजासहजी वाढत नाहीत. धडधाकट माणसाच्या मोठ्या आतड्यात ते कोट्यवधींनी असतात. आपण खाल्लेल्यातलं जे आपल्याला पचत नाही, साली, कोंडा, देठं, ते खातात आणि त्याच्या मोबदल्यात एक आम्ल तयार करतात. त्या आम्लावर आतड्याचं अस्तर जगतं. अस्तराचं पोट भरलं की ते शांत. हे जंतू कमी झाले की अस्तर उपाशी पडतं, चिडतं, आणि शरीराचे पहारेकरी आपल्याच घरात काठ्या चालवायला लागतात. त्यालाच मग सूज म्हणायचं, जखमा म्हणायचं, रक्त म्हणायचं. आधी जंतू जातात की आधी सूज येते हे अजून कुणालाच धड सांगता येत नाही. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, कोंबडी आणि अंडं दोन्ही एकदमच आजारी पडलेत, आपण निदान एकाला तरी बरं करू. गेली दोन वर्षं त्या एका पोटाच्या शोधात आहेत. ज्या पोटात हे जंतू भरपूर आहेत, जिवंत आहेत, आमच्या प्लेटवर वाढून दाखवतात, अशा माणसाची विष्ठा घ्यायची, गाळून, तपासून आजारी आतड्यात सोडायची. ऐकताना माणसं नाक मुरडतात. मीही पहिल्यांदा मुरडलं होतं. मी घरी गेल्यावर अंघोळ केल्याशिवाय देवाच्या खोलीत पाऊल टाकत नाही, दिवसभर ज्या डब्या हाताळल्या त्यांचा वाससुद्धा दिव्यापर्यंत पोचू नये म्हणून केसांवरूनही पाणी घेते. आणि इथे देवाने सगळ्यात नाजूक जीव ठेवला तो नेमका तिथे, त्या डबीत, आणि वर अट घातली की हवा लागली तर काही मिनिटांत मरेन.

दाते मिळेनात तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नोकरीतल्याच माणसांना हात जोडले. बावीस जणांनी डब्या दिल्या. रक्ताच्या, जंतुसंसर्गाच्या सगळ्या तपासण्या आधी झाल्या, त्यांत पास झालेल्यांनी एका वाडग्यातून नंबराची चिकटपट्टी उचलायची, डबीवर लावायची, कुणाला सांगायचं नाही. नंबर आणि नावांची यादी मोहोरबंद पाकिटात, नोंदणी कचेरीत. लाज वाटायला नको म्हणून ही व्यवस्था. मला तरीही वाटली. मी सतरा उचलला. डबी फ्रिजपाशी ठेवताना मी पदर डोक्यावर घेतला होता हे मला खोलीबाहेर आल्यावर कळलं.

आणि ही प्लेट आज खरं तर असायलाच नको होती. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी प्लेट बघायची, काही उगवलं नाही तर टाकून द्यायची, असा शिरस्ता. तिसऱ्या दिवशी सतरावर काहीच नव्हतं. माझ्यासोबत काम करणारा जो आहे त्याला आम्ही सगळे रेडिओ म्हणतो, कारण तो सकाळी सुरू होतो तो घरी जाईपर्यंत बंद होत नाही. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास त्याने विचारलं, “मौनीबाई, सतरा नंबर कोराच आहे. टाकू का?” मला म्हणायचं होतं, टाक बाबा, लवकर टाक. आपलं पोट असं कोरं निघालं याची मला जी शरम वाटली ती सांगता येणार नाही. इतके उपास, इतके नेम, एक वेळचं जेवण, आणि आत ओसाड माळ! पण दहा वाजले होते. माझ्या मौनात मान हलवणंही बसत नाही. मी समोर बघत राहिले. रेडिओ म्हणाला, “म्हणजे नको. ठीक आहे, नाही टाकत. तुम्ही अशा गप्प बसलात की मला शाळेतल्या बाई आठवतात.” बारा वाजता मी त्याला सांगणारच होते, पण बाराला एक मिनिट असताना ताईचा फोन आला, भिंगरीला पुन्हा रक्त पडलं, वॉर्डात घेतात म्हणून. मी पळाले. सतरा नंबर राहिला तो राहिलाच, चौथा दिवस, पाचवा, सहावा. हे जंतू तिसऱ्या दिवसाचे नव्हतेच मुळी. त्यांना सात दिवस हवे होते. आम्ही दोन वर्षं किती जणांना तिसऱ्या दिवशी उचलून टाकलं असेल, देव जाणे.

भिंगरी माझी भाची, ताईची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता एकवीस वर्षांची आहे आणि दिवसातून पंधरा वेळा उठून धावते, तेव्हा ते नाव घ्यायला नको वाटतं, पण दुसरं जिभेवर येत नाही. आम्ही तिघी दोन खोल्यांत राहतो. तिसऱ्या वर्षीही औषधं लागू पडत नाहीत म्हटल्यावर सर्जननी सांगितलं होतं की मोठं आतडं काढून टाकू, पोटावर पिशवी बसवू, पोरगी जगेल, नीट जगेल. तारीख उद्याची होती. आज अकरा वाजता ताईने आणि भिंगरीने सह्या करायच्या होत्या. भिंगरी मला काल संध्याकाळी म्हणाली होती, “मावशी, पिशवीचं मला काही नाही गं, पुष्कळांना असते, ते मजेत असतात. फक्त एकदा सगळं करून बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. परीक्षेला न बसताच नापास झाल्यासारखं वाटतंय.” ताई तिकडे तोंड करून फळ सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, “तुझी मावशी करतेय ना सगळं. गप्प बसून.” तिचा टोमणा असा असतो, सालीसारखा पातळ, पण सुरी असते खाली.

मौन कसं सुरू झालं ते ताईला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी, पहिल्यांदा रक्त पडलं त्या पहाटे, दवाखान्याच्या लांबलचक बोळात मी एका बंद खिडकीकडे तोंड करून म्हटलं होतं, देवा, हिचं रक्त थांबव, मी रोज दुपारच्या बारापर्यंत तोंड उघडणार नाही. बोलणार नाही, लिहून सांगणार नाही, खूण करणार नाही. कामाच्या वहीत आकडे लिहीन तेवढेच, ते आकडे काही माझे नव्हेत. लिहून सांगायचं असेल तर मौन कशाला, ते म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकीतून बाहेर पडणं. त्यातून एकच सूट मागून घेतली: भिंगरी आत असली आणि तिने “मावशी, आहेस ना?” असं विचारलं, तर दारावर एकदा टकटक करायची. त्या दिवशी बाराच्या ठोक्याला नर्सने येऊन सांगितलं, थांबलंय. पाच महिने थांबलेलं राहिलं. मग एका सकाळी दूध उतू गेलं आणि माझ्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं. दोनच शब्द. ताईने माझ्याकडे बघितलं, मी दुधाकडे. पुढच्या आठवड्यात भिंगरीला पुन्हा सुरू झालं. डॉक्टरीणबाईंना मी हे एकदा दुपारी सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बाई, हा आजार येतो-जातो, लाटेसारखा. दुधाचा काय संबंध?” मला पटलं. डोक्याला पटलं. पण गॅसजवळ उभी राहिले की अजूनही ओठ आपोआप घट्ट मिटतात.

म्हणून आता, नऊ वाजून दहा मिनिटांनी, मी काहीच केलं नाही. वहीत लिहिलं: सतरा, सातवा दिवस, बारा. पेन बारावर दोनदा फिरवलं. रेडिओने मागून वाकून वही वाचली, मग काचेला नाक लावलं, आणि मग जो काही ओरडला तो मी मनातल्या मनात गेली पंधरा मिनिटं ओरडत होते. “उगवलं! अहो उगवलं! सतरा उगवला!” तो बोळात गेला, परत आला, पुन्हा गेला. डॉक्टरीणबाई वॉर्डाची फेरी संपवून दहाच्या आसपास, एका पायात चप्पल नीट न घालताच आल्या. एक ठिपका सुईच्या टोकावर उचलून त्यांनी ओळखायच्या यंत्रात घातला. दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत आम्ही तिघं यंत्रासमोर उभे होतो आणि मला वाटत होतं माझ्या कानांच्या पाळ्यासुद्धा तापल्यात. माझ्या पोटात, नेहमीसारखंच त्या वेळी रिकाम्या असलेल्या पोटात, काहीतरी गुरगुरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजाची मला लाज वाटली नाही. ऐकत राहिले. कोण आहात रे तुम्ही सगळे? मी इतकी वर्षं एकटी जेवते म्हणून वाईट वाटून घेत होते, आणि तुम्ही पंगत मांडून बसला होतात. मी सालीसकट खायची, ताई म्हणायची गुरासारखं काय खातेस, तो तुमचा वाटा होता होय? मी शरीराला शिस्त लावतेय समजत होते. शरीर कसलं, सगळं गावच होतं आत, आणि मी त्या गावची देवळात बसलेली, बाहेर काय चाललंय याचा पत्ता नसलेली म्हातारी.

यंत्राने नाव दाखवलं. तेच. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. रेडिओ म्हणाला, “कुणाचं असेल हो? फाटकावरचा पहारेकरी असणार. तो मुळा पानांसकट खातो. किंवा तुम्हीच असाल, मॅडम, लपवताय.” त्या म्हणाल्या, “माझं कोरं निघालं, मी बघितलंय. तीन नंबर.” आणि दोघं हसले, आणि मीही आतल्या आत इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग त्या हसता हसता थांबल्या. घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सव्वादहा. “बाई,” त्या हळू म्हणाल्या, “यादी उघडायला समितीची परवानगी लागते. आज अर्ज टाकला तरी चार दिवस. भिंगरीचं ऑपरेशन उद्या आहे. मी सर्जनना फोन करून थांबवू शकते, पण दाता कोण आहे, तयार आहे का, हे सांगितल्याशिवाय ते तारीख सोडणार नाहीत. सोडूही नये. पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे.” त्यांनी टेबलावर बोटांनी ठोका दिला. “तो माणूस आपणहून पुढे आला तरच. बावीस जणांत कुठे शोधायचं? रेडिओ, जा, सगळ्या खोल्यांत सांगून ये, सतरा नंबर ज्याचा असेल त्याने अकराच्या आत यावं.” रेडिओला असं काम म्हणजे सणच. तो गेला. त्याचा आवाज जिन्यावरून खाली खाली जात राहिला, सतरा, सतरा, सतरा कोण, अहो लाजू नका, मोठ्या घरचं पोट आहे!

मी स्टुलावर बसून राहिले. देवाला म्हटलं, हा काय खेळ मांडलास? तिसऱ्या दिवशी मी बोलले असते तर प्लेट कचऱ्यात गेली असती. माझ्या गप्प बसण्याने ती वाचवलीस. आणि आता तेच गप्प बसणं तिच्या आडवं उभं केलंस. बोलले तर पुन्हा रक्त. नाही बोलले तर उद्या सुरी. बारा वाजता बोलेन म्हटलं तर अकराला सह्या. एक शब्दही नको, नुसतं वहीत बोट ठेवलं तरी पुरे होईल, पण ती खिडकी झाली. खिडकीतून जायचं असेल तर सरळ दारातूनच का जाऊ नये? साडेदहा वाजले. डॉक्टरीणबाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, चप्पल अजून नीट घातली नव्हती. मला दूध उतू गेलं ती सकाळ आठवली, आणि पहिल्यांदाच ती पूर्ण आठवली. “अगं बाई” म्हटल्यावर भिंगरी हसली होती. आतल्या खोलीतून ओरडली होती, “आई, मावशी बोलली सकाळी! किती गोड आवाज आहे तिचा सकाळी!” एवढं मी कसं विसरले? दूध लक्षात राहिलं, रक्त लक्षात राहिलं, आणि मधलं ते पोरीचं हसू मी पुसून टाकलं, वहीतला चुकलेला आकडा पुसावा तसं. नवस तिच्यासाठी होता ना? की तिच्या निमित्ताने माझा? जंतूंना हवा लागली की ते मरतात. काही नेमही तसेच असतात का, बंद पेटीत तेवढे जिवंत? असतील. मग मरू देत. पाप लागलं तर मला लागू दे, तिला नको; एवढंच बघ, हिशोब माझ्या नावावर मांड. दहा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. मी उभी राहिले. तोंड उघडलं. आवाज फुटला, बारीक, खरबरीत, कुणा पोरीचा असावा तसा.

“मॅडम, सतरा नंबर माझा आहे.”

त्या वळल्या. माझ्या चेहऱ्याकडे नाही, आधी घड्याळाकडे बघितलं. मग फोनपाशी गेल्या. सर्जनशी बोलताना त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला: हो, दाता आहे, हो, नात्यातला, तपासण्या झाल्यात, आठ आठवडे द्या, नाही जमलं तर तुमचं ऑपरेशन आहेच, मी कुठे नाही म्हणते, खात्री मी देत नाही आणि तुम्हीही देऊ नका. फोन ठेवून त्या माझ्याजवळ आल्या. “आता नीट ऐका. आठ आठवडे जेवण ठरलेल्या वेळी, आत्ता जे खाता तेच. बाहेरचं काही नाही. मला विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. रोज सगळं लिहून ठेवायचं. आणि रोज सकाळी सातला नर्स फोन करेल, ताप आहे का, पोट कसं आहे, शौचाला कशी झाली, सगळी उत्तरं तोंडी द्यायची. ती नोंद तोंडीच लागते, नियम आहे.” मग म्हणाल्या, “सकाळी सातला, बाई. जमेल?” मी म्हटलं, “नेम पाळायची सवय आहे मला.” तेवढ्यात रेडिओ धापा टाकत परत आला. “कुणीच कबूल होत नाही! पहारेकरी म्हणतो, त्याचा नऊ नंबर...” माझं वाक्य त्याच्या कानांत उशिरा पोचलं असावं. तो माझ्याकडे बघत राहिला, घड्याळाकडे बघितलं, आणि आम्ही ओळखत असल्यापासून पहिल्यांदा गप्प झाला.

वॉर्डापर्यंतचा बोळ मी जवळजवळ धावले. भिंतींना नवा हिरवट रंग होता, एक बाई बादली घेऊन फरशी पुसत होती, मी तिला “सांभाळून गं” म्हटलं, ओल्या फरशीवर मीच घसरत असताना. बोलायची चटकच लागली होती. भिंगरी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती, ताईच्या मांडीवर सह्यांचे कागद. “ताई, सही करू नकोस,” मी दारातूनच म्हटलं. भिंगरीचा चेहरा पांढरा पडला. “मावशी! कोण गेलं?” ती म्हणाली. “अकराही वाजले नाहीत. कोण गेलं, सांग ना!” कुणी गेलं नाही, उलट आलेत, मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं, ठिपके, सात दिवस, यंत्र, आठ आठवडे, खात्री नाही हेसुद्धा. सांगताना मी हात इतके हलवत होते की शेजारच्या पलंगावरची आजी उठून बसली. भिंगरी ऐकत राहिली. मग तिचे डोळे मोठे झाले. “थांब. म्हणजे तुझी... माझ्यात?” “गाळून,” मी म्हटलं. “ई, मावशी!” आणि ती हसायला लागली, पोट धरून, उशी तोंडावर दाबून. “मला उपास करायची हुक्की आली म्हणजे?” ताई हसली नाही. तिने कागद उलटे करून ठेवले. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तू मोडलंस.” मी हो म्हटलं. “भीती नाही वाटली?” “वाटतेय अजून.” ताईने माझी मनगटाजवळची बाही ओढून सरळ केली, लहानपणी शाळेत जाताना करायची तशी, आणि म्हणाली, “पाणी पी. आवाज बसलाय तुझा.”

हसता हसता भिंगरी थांबली, चेहरा बदलला, आणि ती उठून धावली. ते आम्हाला सवयीचं आहे. मी मागोमाग गेले, दाराबाहेर माझ्या जागी उभी राहिले. आतून नळ सुटल्याचा आवाज, मग काहीच नाही. रक्त असेल का? आज, आत्ता, मी बोलल्यावर? माझे ओठ मिटले, जुन्या वळणाने. छातीत मात्र सकाळपासूनची ती धडधड तशीच होती, भीतीची म्हणावी तर भीतीची, पण हलकी, पाय जमिनीवर ठरू न देणारी.

“मावशी, आहेस ना?”

मी दारावर टकटक केली.

“टकटक नको,” ती आतून म्हणाली. “बोल काहीतरी.”

तीन वर्षांत सकाळच्या वेळी अशा दाराशी मी काहीच बोलले नव्हते. काय बोलायचं असतं? मी कपाळ लाकडाला टेकवलं. दार थंड होतं, आणि पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता.

“ठिपके बारा आहेत गं,” मी म्हटलं. “मला आधी अकराच वाटले होते.”